चुकलं तरी एक पॉइंट!

…नाही, पण मला सांगा, चुकल्याबद्दल मार्क देतात का हो कुठे? आमच्या शाळेत तर छडी द्यायचे! आणि हे ऑस्ट्रेलियन लोक, तुम्हाला सांगते, त्यांच्या त्या फुटबॉलमध्ये मधल्या दोन उंच खांबांतून बॉल गेला तर सहा पॉइंट, ठीक आहे, पटलं, पण नेम चुकून बाजूच्या बुटक्या खांबाकडून गेला तरी… एक पॉइंट! अरे, चुकला ना तो? मग एक कशाबद्दल? उत्तेजनार्थ? मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात रंगाच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला, अकरा वर्षं झाली, शेड केसभर इकडची तिकडे झाली की अख्खी बॅच परत पाठवणारी, मागून मला सगळे 'रिजेक्टबाई' म्हणतात, आणि मला सांगतात, चुकलं तरी एक पॉइंट!

आता तुम्ही म्हणाल, उर्मिलाबाई, तुम्ही त्या मैदानात तडमडायला गेलात कशाला? रजा हो, रजा! मे महिन्यात सांगलीला माझ्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन, एक्याऐंशीचा माणूस, मी एकुलती एक लेक, आणि माझा रजेचा अर्ज दीड महिना ग्रॅहमसाहेबांच्या टेबलावर पडलेला. ग्रॅहम म्हणजे आमचे मॅनेजर, मेलबर्नचे, साडेसहा फूट उंच. रोज विचारायचं, सर, लीव्ह? रोज एकच उत्तर, "टुमॉरो, उर्मिला, इन्शाल्ला!" ऑस्ट्रेलियन माणूस इन्शाल्ला म्हणायला लागला की समजावं, काम खलास.

तर एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी साहेब लॅबमध्ये आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "यू हॅव अ व्हाइट कोट!" म्हटलं, अकरा वर्षं घालतेय, आज दिसला होय? तर म्हणे उद्या दुबईला आमची फायनल, गोल अंपायर आजारी पडलाय, आणि गोल अंपायरला लागतो पांढरा कोट! म्हटलं, सर, डॉक्टर आजारी पडला तर ऑपरेशनही मीच करायचं का? त्यावर हसून काय म्हणावं माणसानं? "मॅच जिंकू दे, शनिवारी सही." झालं, मी मुकाट्यानं कोटाला इस्त्री केली.

शुक्रवारी मॅच तीनला, पण आम्ही साडेबारालाच मैदानावर… आम्ही म्हणजे मी, आमचे हे, म्हणजे विलास, आणि आमची नऊ वर्षांची अस्मी. बघते तर खांब नवेकोरे, चकाचक पांढरे! आमच्या फॅक्टरीतला महादू ब्रश धुवत उभा. म्हणाला, "बाई, साहेबांनी दुपारी बाराला रंग लावायला सांगितलं, बारा नंबरच्या बॅचचा." अहो, ती बॅच मी रिजेक्ट केली होती! डब्यावर छापलंय 'दोन तासांत वाळतो' आणि माझ्या टेस्टमध्ये सात तासांनी चिकट. साहेब म्हणाले होते, "पास कर, उन्हाळा आहे, वाळेल!" मी काही पास केली नाही, पण भांडणार कशी, रजेचा अर्ज त्यांच्याकडे.

काम सोपं होतं, गोल झाला की दोन बोटं, चुकला की एक. अस्मी मला शिकवतेय, "आई, इट्स नॉट अ मिस्टेक, इट्स अ बिहाइंड!" बिहाइंड म्हणे! मेलं नावसुद्धा धड नाही.

साहेब स्वतः खेळायचे ती दुबईची टीम तीन वर्षं चॅम्पियन, आणि समोर कोण? अल ऐन! वाळवंटाकडेच्या गावची टीम, चार शाळामास्तर, दोन पाइपवाले इंजिनियर, असेच कुठून कुठून गोळा केलेले, आणि कॅप्टन डग हा उंटांचा डॉक्टर! तीन वर्षांत एक मॅच जिंकले नव्हते, फायनलला आले तेही समोरच्या टीमची बस वाळूत रुतली म्हणून. डगनं माझ्याकडे बघून विचारलं, ही बाई तुमच्याच ऑफिसची ना? साहेब म्हणाले, "मेट, हिनं या वर्षी माझ्या चाळीस बॅचेस रिजेक्ट केल्यात, माझी असती तर बरं झालं असतं!"

आणि यल्ला, सुरू! दुबईचा नेम म्हणजे काय सांगू, आठ वेळा मारला, आठही वेळा बरोब्बर मधून. आठ सक अठ्ठेचाळीस, चूक म्हणाल तर औषधाला नाही. आणि अल ऐनवाले? देवा रे! एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि एक तर थेट विलासच्या डब्यातल्या पोह्यांत! पण पळत होते हो, पडत होते, गुडघे फुटले तरी उठून हसत होते, आणि प्रत्येक चुकीला मी आपली एक बोट वर, एक बोट वर. बघता बघता पाच गोल आणि वीस चुका! तीस आणि वीस पन्नास! अहो, वीस वेळा चुकून पोरं दोन पॉइंटांनी पुढे! आता काय सांगू तुम्हाला, रिजेक्टबाई मी, पण मनातून म्हणत होते, चुका रे बाळांनो, आणखी चुका! आणि मग रजा आठवायची, की जीभ चावायची.

शेवटचं मिनिट. बॉल कुणाकडे? ग्रॅहमसाहेबांकडे! गोल म्हणजे दुबई चॅम्पियन, माझी सही, माझी सांगली. मारला… उंच… आला मधूनच… आणि उजव्या खांबापाशी मला ऐकू आलं, 'टुक्'. एवढंसंच, टुक्! खांबाला घासला की गोल नाही, फक्त एक पॉइंट. साहेब नाचतायत, दुबईवाले एकमेकांच्या अंगावर, बाहेरून विलास ओरडतोय, "उर्मे, दोन! दोन बोटं! रजा, रजा!" मी स्वतःला म्हटलं, तुला ऐकू आलं नाही, वारा होता, इकडे कोण विचारतंय… हात वर गेला आणि बघते तर काय, बोट एकच! दुसरं वर येईना हो!

साहेब धावत आले, लालबुंद. "उर्मिला! इट वॉज क्लीन!" मी बॉल उचलून त्यांच्या हातात दिला. लाल चामड्यावर पांढरा पट्टा. "हा तर मैदानावरचा चुना!" म्हटलं, सर, वास घ्या. वीस वर्षं रंगात काढलेला माणूस, नाकाजवळ नेला, अंगठा घासला, अंगठा चिकट. मग हळूच विचारलं, "बॅच बारा?" म्हटलं, बॅच बारा, सर, साडेपाच तास झाले. आणि तुम्हाला खोटं वाटेल, तो साडेसहा फुटी माणूस गदगदून हसायला लागला, आणि सगळ्या मैदानाकडे वळून त्यानं स्वतः एक बोट वर केलं!

पन्नास–एकोणपन्नास! अल ऐन चॅम्पियन! डग तर ढसाढसा रडत होता, मास्तर गवतात लोळत होते, मला उचलायला आले तेव्हा म्हटलं, खबरदार! तर त्यांनी महादूला खांद्यावर घेतलं. तो वरून विचारतोय, "बाई, मी काय केलं?" म्हटलं, गप बस आणि हात हलव! मीही रडत होते, आनंदानं म्हणा, रजा गेली म्हणून म्हणा.

शनिवारी मान खाली घालून केबिनमध्ये गेले, तर अर्जावर सही! "मॅच जिंकू दे म्हणालो होतो," साहेब म्हणाले, "कुणी, ते कुठे म्हणालो?" आणि बॅच बारा रिजेक्ट. वर मलाच डोळा मारून म्हणतात, चुकलं तरी एक पॉइंट!

तर मी सांगलीला पोचले हो, वेळेवर! बाबांना ओवाळलं, सगळं सांगितलं, डोळे भरून आले त्यांचे. आणि भर मांडवात दोनशे लोकांसमोर माइक घेऊन जाहीर केलं, "माझ्या लेकीनं तिकडे शारजाला ऑस्ट्रेलियाला हरवलं!" आता नेमक्या त्याच एप्रिलमध्ये आपल्या क्रिकेट टीमनं शारजालाच फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाला धुतलेलं, अख्ख्या सांगलीनं टीव्हीवर बघितलेलं! टाळ्यांचा कडकडाट! कुणाकुणाला समजावणार? शालिनीकाकू तर गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "गुणाची गं पोर! पण आम्ही पहिल्या बॉलपासून बघत होतो, तू कशी दिसली नाहीस?"

म्हटलं, काकू, माझी बॅटिंग यायच्या आधीच आपण जिंकलो.