दोनच सीट

“माणसानं एकदा तरी वाऱ्याला मागे टाकावं,” शोरूममधल्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये बसून निवृत्त बँक मॅनेजर गरजले.

“जिन्यावर रोज मीच तुम्हाला मागे टाकते,” बाहेर उभी बायको म्हणाली.

स्वतःच्या गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी ताटकळलेल्या पोस्टमास्तरांनी पेपरआडून कान टवकारले.

“मागच्या काचेतून काही दिसतं का?”

“मागे काय बघायचंय? सगळी नोकरीच आहे तिकडे.”

“डिकीत काय मावतं?”

“छत्री. मिटलेली. पण पळते बघ कशी.”

“आणि वन्सं कुठे बसणार?”

“ताई? अगं, दोनच सीट आहेत.”

“म्हणजे कुठेही जायचं तर आपण दोघंच?”

“दोघंच.”

“लालच घ्या.”

मॅनेजरांनी दणक्यात हॉर्न वाजवला. पोस्टमास्तरांनी पेपरआड मूठ उंचावली.

“ठरलं तर. आता जरा हात दे, उठता येत नाहीये.”