रोपट्यासाठी कूलर

मंदाकिनी : हात लावू नका म्हटलं ना. तुम्ही हात लावला का ते अजून एक पान टाकते.

रामकृष्ण : हात नाही लावून राहिलो, पाहून राहिलो. बुडाशी काळं पडलं आहे. काल एवढं नव्हतं.

मंदाकिनी : मले काय दाखवता? ऑर्किड तुमच्या सुनेचं, सांभाळायले घेतलं तुम्ही. मी तं त्याच दिवशी म्हटलं होतं, घर सोडून चालले तं झाडबी घेऊन जा.

रामकृष्ण : घर सोडून नाही गेले मंदा. नव्या रायपुरात राहायले गेले. तिची लॅब तिथं. इथं चौबे कॉलोनीतून निघाली का बस आली तं आली, नाही तं आपल्या नीलेशनं बायकोले पोहोचवून द्यायचं. किती दिवस करणार?

मंदाकिनी : मी काही विचारलं का तुम्हाले?

रामकृष्ण : रविवारी येऊन राहिली अनुश्री. मागच्या बारी फाटकात उभ्या उभ्या म्हणाली, बाबा, आता यानं मूळ धरलं नाही तं मी परत लॅबमध्ये नेते.

मंदाकिनी : नेऊ द्या.

रामकृष्ण : नेलं का संपलं. झाड पाहायले म्हणून तरी येते. झाड नाही राहिलं तं कशाले येईल? तुह्याशी गप्पा मारायले?

मंदाकिनी : मी काय तिले येऊ नको म्हटलं?

रामकृष्ण : नाही म्हटलं. तिच्या समोर मले म्हटलं, 'जाणाऱ्याले चहा विचारून घ्या.' तिच्याकडे पाहिलंबी नाही. तेव्हापासून ती फाटकाच्या आत येत नाही, मीच कुंडं फाटकाशी नेऊन दाखवतो.

मंदाकिनी : चहा पिऊन तं गेली असती.

रामकृष्ण : आता हे पाहू दे. लॅबमध्ये बाटलीत वाढवलेल्या सगळ्या रोपट्यांत हेच मरतुकडं होतं, लॅबवाले फेकून देणार होते, म्हणून हिनं उचलून आणलं. मले काय सांगून गेली? माती नाही, शेण नाही, हे शेवाळासारखं मॉस नुसतं ओलसर ठेवायचं. मी अगदी तसंच केलं. रोज सकाळी चहाच्या आधी एक चमचा पाणी. जन्मभर रेल्वेत गार्डाची नोकरी केली, झेंडी कधी मागंपुढं झाली नाही. चमचा कसा होईल?

मंदाकिनी : चहाच्या आधी?

रामकृष्ण : हव. काहून?

मंदाकिनी : काही नाही.

रामकृष्ण : तुहं काही नाही म्हणजे काहीतरी असतेच.

मंदाकिनी : तुम्ही बूढ़ा तलावाकडे फिरायले जाता ना. मले वाटलं, झाडाचं विसरून जाता. बिचारं तोंड वाळल्यासारखं दिसे. मग मी थोडसं टाकत जाय.

रामकृष्ण : थोडसं म्हणजे किती?

मंदाकिनी : अर्धं फुलपात्र.

रामकृष्ण : अंगठ्याएवढ्या झाडाले अर्धं फुलपात्र. आणि मी फिरून आलो का वरून तूच म्हणे, तुमचं ते कुंडं माह्या खिडकीतून हलवा.

मंदाकिनी : तसं नाही म्हटलं असतं तं मी पाणी टाकते हे तुम्हाले कळलं असतं.

रामकृष्ण : अजून कोणी आहे का यात?

मंदाकिनी : शारदा.

रामकृष्ण : भांडेवाली?

मंदाकिनी : मी राजनांदगावले बहिणीकडे गेली होती, तेव्हा तिले सांगून गेली. मग बंद कर म्हणायचं राहून गेलं. तीबी टाकत असेल. गुणाची बाई आहे, सांगतलं ते विसरत नाही.

रामकृष्ण : एका गाडीले तिघांनी झेंडी दाखवली. आता अनुश्रीले फोन कर.

मंदाकिनी : तुम्ही करा.

रामकृष्ण : मी करतो. पण बोलशील तू. मागच्या वेळी तिनं सांगतलं मले आणि केलं तू, त्याचंच हे झालं आहे.

(रामकृष्ण फोन लावून स्पीकर चालू करतात आणि फोन मंदाकिनीच्या पुढ्यात ठेवतात.)

अनुश्री : हां बाबा, बोलिए. सब ठीक?

रामकृष्ण : ठीक आहे बेटा. आई बोलून राहिली.

अनुश्री : आई?

मंदाकिनी : हव. झाडाचं विचारायचं होतं, म्हणून. बुडाशी काळं पडलं. पाणी जास्त झालं.

अनुश्री : बाबांनी जास्त टाकलं?

मंदाकिनी : नाही. बाबा बरोबर टाकत होते. मी पण टाकलं.

अनुश्री : आपने? पर आप तो बोल रही थीं कि...

मंदाकिनी : काय बोलली ते माहीत आहे मले. आता करायचं काय ते सांग.

अनुश्री : अच्छा. घाबरू नका आई. पहले उसको पॉट से निकालिए, हळूच. मुळं बोटानं दाबून बघा. कडक आहेत की पिचपिची?

रामकृष्ण : थांब, मी काढतो. हे एक पिचपिचं. हेबी. हे एक कडक आहे बेटा. पांढरं.

अनुश्री : एक आहे ना? बस, एक काफी है. बाकीची कापून टाका. ब्लेड गॅसवर गरम करून, थंड झाल्यावर. और जहाँ काटा, वहाँ थोड़ा दालचीनी पाउडर लगाना, सडत नाही मग.

मंदाकिनी : कलमी?

अनुश्री : क्या?

रामकृष्ण : आमच्याकडे दालचिनीले कलमी म्हणते बेटा.

मंदाकिनी : कुटलेली आहे घरात. नीलेशच्या मसालेभाताची. तो गेल्यापासून डबा उघडला नाही.

अनुश्री : चलेगी. नंतर दिवसभर तसंच सुकू द्या. फिर नया मॉस, भिगोके, अच्छे से निचोड़के...

मंदाकिनी : पिळून. समजते मले.

अनुश्री : हां, पिळून. और आई, वो कूलर के पास ही है ना?

मंदाकिनी : स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.

अनुश्री : खिडकीत? इस लू में? आई, मी ते तुमच्याकडे कूलरसाठीच तर ठेवलं. फ्लॅटमध्ये एसी आहे, हवा एकदम सुकी होते. आमच्या खोलीत कूलर चालला की सगळी खोली ओलसर राहते. त्याला पाणी मुळांशी कमी पाहिजे, हवेत जास्त. बाबांना सांगितलं होतं मी.

रामकृष्ण : सांगतलं होतं.

अनुश्री : मग? कूलर बिघडला का?

मंदाकिनी : नाही. बंद आहे.

रामकृष्ण : तुम्ही गेले त्या दिवसापासून खोलीले कडी आहे बेटा. कूलरवर चादर टाकली आहे. मी भर मे महिन्यात पंख्याखाली भाजून राहिलो. काही म्हटलं का म्हणते, मले कूलरची हवा झोंबते.

मंदाकिनी : झोंबतेच.

अनुश्री : आई, असं करते, मी रविवारी येऊन घेऊनच जाते. लॅबमध्ये वाचेल ते. तुम्हाला उगाच त्रास.

रामकृष्ण : मंदा, ती नेते म्हणते.

मंदाकिनी : ऐकू आलं मले. अनुश्री, नेऊ नको. एक मूळ कडक आहे म्हणाली ना तू? मी खोली उघडते. कूलरच्या गवताच्या ताट्या बदलून घेते, जुन्यांचा वास येते. चालते ना?

अनुश्री : चलेगा आई. सीधी हवा में मत रखना, बाजूच्या टेबलावर ठेवा. नवीन मूळ आलं की त्याचं टोक हिरवं दिसतं. दिखे तो फोटो भेजना.

मंदाकिनी : फोटोत मले हिरवं-पिवळं काही समजत नाही. तू येऊन पाह्य. आणि फाटकातून नाही दिसणार ते. आतल्या खोलीत यायले लागेल.

अनुश्री : येईन आई. नीलेशलाही घेऊन येते.

मंदाकिनी : त्याले झाडातलं काय समजते?

अनुश्री : मसालेभातातलं समजतं ना.

मंदाकिनी : कलमी सगळी झाडाले नाही लावत मग. ठेव फोन, ऊन लागत असेल तुले.

रामकृष्ण : लॅबमध्ये कसलं ऊन? आणि फोन तूच ठेव, तुह्याच पुढ्यात आहे. बरं, कूलर लागणारच आहे तं आज आपणबी त्याच खोलीत झोपू का?

मंदाकिनी : झाडासाठी लागून राहिला तो. तुम्ही आधी शारदाले सांगा, उद्यापासून पाणी टाकू नको म्हणा.

रामकृष्ण : सांगतो. पण मग त्या खोलीतल्या पलंगासाठी दोन उशा काहून काढून राहिली?

मंदाकिनी : एवढ्याशा झाडाले त्या खोलीत एकटं ठेवायचं का?