मोटारीचं काजळ

निपाणीच्या दवाखान्यात दोघी बाकावर बसलेल्या. म्हातारीच्या मांडीवर नातू, डोळ्यांवर ओलं फडकं.

"डोळं आल्यात व्हय आक्का?"

"न्हाय बाई. मी काजळ घातलंतं."

"काजळानं कुठं असं हुतंय?"

"लढाई लागल्यापासनं तेल मिळंना. काजळ धरायला दिवा कुठला? लेक माझा मालकाची मोटार चालवतोय. इंजन दारात खोलून आतली काजळी खरवडून काढलीती त्यानं. काळीभोर. मला वाटलं, दिव्याची काय आन् मोटारीची काय. लोण्यात खलली आन् घातली."

"धुतलं न्हाय लगेच?"

"रडाय लागलं तवा धुतलं. बारीक खडं हुतं त्यात."

"डाक्टरला सांगितलं?"

"दोनदा आलो. दोन्ही येळंला त्यानं इचारलं, डोळ्यात काय घातलंतं का म्हणून. सून शेजारी हुती. न्हाय म्हणून सांगितलं."

"आन् आज?"

"आज तिला घरात ठिवून आलोय."

"मग आज तरी खरं सांगा. औषध बदलून देईल."

"काल शेजारणीचा कंदील मागून आणला. पोराच्या तोंडाम्होरं धरला. पापणी हालली न्हाय."