पिल्लाला विचारलंत का?

त्या दिवशी हवा कशी होती सांगू? आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलेलं, ना पडेल ना उघडेल, आणि वारा असा बोचरा की माझे गुडघे माझ्याआधी उठून कुरकुरायला लागलेले. अशा हवेत माणूस पांघरुणातून हात बाहेर काढत नाही, आणि आमचे चिरंजीव दारात उभे! छातीशी बुटांचं खोकं, आणि खोक्यात... काय असेल? बूट? बूट असते तर मी तुम्हाला समोर बसवून घसा कोरडा केला असता का? खोक्यात पिल्लू! कुत्र्याचं! मुठीत मावेल एवढं, डोळे नुकते किलकिले झालेले, आणि थंडीनं असं थरथरतंय की खोक्याचं झाकण वाजतंय!

तुम्हाला सांगतो, मी सावकाश माणूस. जेवतो सावकाश, चालतो सावकाश, रागसुद्धा मला सावकाश येतो... पण आला की मुक्कामाला येतो. म्हटलं, "अरे, हे मागच्या शिवणवाल्या ताईंचं ना? त्यांनी तर सांगितलं होतं, वाटीतलं आपलं आपण खायला लागेपर्यंत नेऊ नका. एकदा नाही, येता-जाता सांगितलं होतं!"

तर म्हणतो कसा, "बाबा, रजा मंजूर झाली ना! हाच आठवडा मिळाला. पुढे ऑफिसात मान वर काढायला वेळ नाही. आणि पहिला आठवडा मालकानं जवळ असावं लागतं, लळा लागतो, मी वाचलंय."

ऐकलंत? साहेबानं कागदावर सही केली म्हणून पिल्लाचं आईचं दूध सुटलं! साहेबाला विचारलं, बायकोला विचारलं, पोरीला विचारलं... अहो, पण पिल्लाला विचारलंत का?

आणि आणलं कसं? ताई पडदे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. घरात त्यांचा नवरा. तो इतका भिडस्त की नाही म्हणायचं तर आधी पाणी पितो, मग घसा साफ करतो, आणि मग हो म्हणतो. त्याच्याकडून आणलं! ताई परत येऊन बघतात तर मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात कुत्री एकेका पिल्लाला हुंगतेय, आणि एक कमी! मग भिंतीपलीकडून जे काही ऐकू आलं ते मी सांगत नाही. तुमच्यात बायकामाणसं आहेत.

आता खाणं. इथून माझं डोकं फिरायला सुरुवात. चिरंजीवांनी एक भलं मोठं पाकीट आणलं, वर गुबगुबीत कुत्र्याचं चित्र, आत खडे. खडेच हो! दगडी गोळ्या! म्हणे भिजवून द्यायच्या. अरे, त्याच्या तोंडात दाताचा पत्ता नाही, चावणार कशानं, कानानं? सूनबाईंचं वेगळंच. त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, पिल्लाला परातीत ठेवून तोललं, मग दूध तोललं, मग पाणी तोललं, आणि ड्रॉपरनं थेंब थेंब... "बाबा, हलू नका, माझं माप चुकतं!" मी खुर्चीत बसलेला, हलून जाणार कुठे? आणि नात! ती सगळ्यांच्या पाठीमागून बिस्किटाचा चुरा भरवतेय. "आजोबा, कुणाला सांगू नका हं, मला बघून त्यानं तोंड उघडलं." अगं बाई, ते रडतंय, म्हणून उघडलंय तोंड!

बरं, कुणी कुणाला सांगेल? छे! प्रत्येकाला वाटतं, आपणच काय ते भरवतोय. मीही कोमट दुधात बोट बुडवून चाटवलं, खोटं का बोलू, तेही माझ्या धोतरावर ओकून टाकलं. मग पोट बिघडलं. आधी वर्तमानपत्र संपलं, मग माझी जुनी बनियन संपली. आणि मग पिल्लानं रडणंच बंद केलं.

रडत होतं तोवर मी रागावलेला होतो. थांबलं तेव्हा घाबरलो. उचललं तर मान अशी लटकलेली, नाक कोरडं, पोट गार.

मुलाला म्हटलं, "परत नेऊन दे आईजवळ. आत्ता."

"परत? बाबा, ती बाई काय म्हणेल? सांगितलं होतं ना, म्हणेल! सगळ्या गल्लीला ऐकवेल!"

"म्हणू दे की!"

"मी बघतो बाबा. पिल्लांच्या दुधाची पावडर मागवलीय, उद्या येईल."

उद्या येईल! त्याचं नाक वर राहायला हवं म्हणून याचा श्वास उद्यापर्यंत थांबायला हवा! पावडरवाल्याला विचारलंत... पण पिल्लाला विचारलंत का?

मी उठलो. भाजीची पिशवी घेतली, आत मफलर अंथरला, त्यात पिल्लू ठेवलं आणि म्हटलं, "जरा पाय मोकळे करून येतो." सूनबाई आतून म्हणाल्या, "कोथिंबीर आणा!" बरं, आणतो.

मागच्या गल्लीनं ताईंच्या दारात. त्या मशीनवर. पिशवीत डोकावून बघितलं, मशीन थांबलं.

"मुलानं पाठवलं?"

"त्याला ठाऊक नाही."

"म्हणजे चोरून आणलंत? या वयात, काका?"

"त्यानं चोरून नेलं, मी चोरून आणलं. फिटंफाट."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दातांत धरलेल्या टाचणीमागे ठेवलं. म्हणाल्या, "दार लोटून घ्या. वारा येतोय."

आणि ती कुत्री! काय सांगू तुम्हाला! तिनं ना हिशोब विचारला, ना कुठे होतास म्हणाली. हुंगलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत असं खरखरीत चाटलं की पिल्लू उलटंपालटं झालं, आणि नाकानं ढकललं पोटाशी. आधी काहीच नाही. मी रिकाम्या पिशवीचे बंद धरून बसलेलो. ताईंनी मशीनवर ठेवलेला पाय हलवला नाही. आणि मग... चुक्, चुक्, चुक्. अहो, एवढासा आवाज, पण माझे डोळे भरले. म्हातारपणी भरतात, त्यात काही विशेष नाही.

तेव्हापासून माझं हेच काम, पिल्लू पिशवीतून न्यायचं, पाजून परत आणायचं, आणि घरच्यांना वाटतं, त्याला फिरवून आणतो. सकाळी पाय मोकळे, दुपारी पाय मोकळे, संध्याकाळी पाय मोकळे. घरात कोथिंबिरीचं रान माजलं! सूनबाई शेजारणींना सांगतात, "पिल्लू आल्यापासून आमचे बाबा चालायला लागले हो!" आणि पिल्लू? अंगानं भरलं, ढेरी आली, भुंकायला लागलं, म्हणजे शिंकल्यासारखं, पण भुंकायला लागलं.

मग गेलो सगळे जनावरांच्या डॉक्टरकडे, टोचायला. डॉक्टर म्हणाला, "वा! छान वजन धरलंय. काय देता याला?"

झालं! चिरंजीव म्हणाले, "पावडर. योग्य वेळी सुरू केली." सूनबाई म्हणाल्या, "पावडर कसली, माझं माप!" नात म्हणाली, "बिस्किट!" आणि मग बिस्किट का दिलंस, पावडर कुणी सांगितली, माप कुणाचं... डॉक्टर बिचारा सुई धरून उभा! मी गप्प. मफलरमध्ये तोंड खुपसून गप्प.

पण इथवर ठीक होतं हो. पुढे ऐका. आमचे चिरंजीव गल्लीभर, ऑफिसभर सांगत सुटले, "पिल्लू लवकर आणावं! जितकं लवकर तितका लळा! आमचंच बघा ना!" आणि हे ऐकून त्यांचा एक दोस्त थेट ताईंच्या दारात, बुटांचं खोकं घेऊन! दुसरं पिल्लू मागायला! ताईंनी त्याला कापड कापायची कात्री दाखवली. तो खोकं तिथेच टाकून पळाला. मग माझ्यावर आल्या.

"काका, तुम्ही लपवता आणि तुमचा मुलगा मिरवतो. उद्या कुणी खरंच उचलून नेलं एखादं, आणि मेलं, तर? सांगा त्याला. नाहीतर मी सांगते."

बरोबर होतं त्यांचं. त्याच संध्याकाळी जेवताना घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पिशवी, मफलर, कुत्री, चुक् चुक्. सगळं. मला वाटलं, आता मुलगा चिडणार, नाहीतर लाजणार, निदान ताट सरकवणार...

हसला! पोट धरून हसला! "बाबा, काहीतरीच काय! माणसाचा वास लागलेल्या पिल्लाला आई जवळ घेतच नाही. मी वाचलंय."

मी म्हटलं, "मी बघितलंय."

"तुम्ही फिरायला नेता ना, म्हणून त्याला दूध पचतं. तुमचाही वाटा आहेच की, आम्ही कुठे नाही म्हणतो?"

वाटा! मला वाटा दिला! सूनबाईंनी मायेनं आणखी भात वाढला. नात म्हणाली, "आजोबा, गोष्ट छान होती."

आता रागवायचं तरी कुणावर, सांगा! वाचतील, तोलतील, मागवतील, म्हाताऱ्याला गोष्ट सांगितली म्हणून शाबासकीही देतील... पण पिल्लाला विचारतील का?

दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन गेलो. पिल्लू धावत आईपाशी, पोटाला झोंबलं, तशी ती उठली. त्याला दात आलेत ना आता, सुईसारखे. गुरगुरली, पंज्यानं बाजूला सारलं आणि जाऊन दारात बसली, पाठ करून. पिल्लू जरा केकाटलं. मग कोपऱ्यातल्या तिच्या वाटीत नाक घातलं, पुढचे दोन्ही पाय घातले आणि लपालपा, लपालपा, तळापर्यंत. कुणी भरवलं नाही, कुणी तोललं नाही.

मी ताईंना म्हटलं, "काल सांगितलं घरी. कुणी विश्वास ठेवला नाही."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. पिल्लाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्या काका, हे आता झालं घरी न्यायच्या वयाचं. तुमच्या घरचे कधी होतील, ते मात्र मला विचारू नका."