दहा ओहमचा वास

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात रांग होती. रेझिस्टरचं पाकीट मुठीत धरून विज्ञानाचे मास्तर उभे होते. त्यांच्या पुढे बाप-लेक.

“बाबा, यूएसबीवर इन्फ्रारेड एलईडी लावायचा तर एकशे ऐंशी ओहमचा रेझिस्टर, असं मी सांगितलं होतं ना?”

“तोच लावला. पेटेल तर शपथ!”

“मग?”

“मग शंभरचा. तरी ढिम्म. शेवटी वैतागून दहाचा लावला.”

“दहा? अहो, इतक्या कमी ओहमने एलईडी जळेल ना!”

“जळालाच. वास आला, उजेड नाही.”

“बाबा, त्याचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचा असतो.”

“म्हणजे पहिलाच पेटला होता?”

“मस्त पेटला असणार. आणि ज्या लॅपटॉपला लावलात तो कुणाचा?”

“तुझ्या आईचा. तिला तू सांग.”

“पुढे कोण?” दुकानदाराने विचारलं.

मास्तरांनी मुठीतलं दहा ओहमचं पाकीट हळूच जागेवर ठेवलं.

“एकशे ऐंशीचे आहेत का हो?”