भागीरथाबाईचा फोन

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत देवराव बसले होते. बायको भागीरथा वारून वर्ष होत आलं, पण तिचा फोन ते अजून रोज चार्ज करत. पुढच्या सीटवर सुगत आणि आचल, दवाखान्यांसाठी आपोआप जाणारे फोन जोडून देणारी दोन पोरं, बोलत होती.

"सुगत, कॉलवाल्या कंपनीनं नवीन अपडेट टाकलं, पाह्यलं काय? 'गोळी घेतली असल्यास एक दाबा' वाला फोन आता आपोआप बंद होईन."

"कावून?"

"महिनाभर समोरून कोणी बटनच नाही दाबलं, तं नंबर बाद."

"बरं झालं. फुकट कॉल जाऊन राह्यले होते. कोणी ऐकतच नाही."

देवराव पुढे वाकले. "बापू, एक दाबलं तं चालू राहीन?"

"हो काकाजी. तुमचा फोन हाय काय?"

"मंडळीचा. रोज सकाळी गोळीचं इचारतानी तिचं नाव घेते तो. घरात आता दुसरं कोणी घेत नाही."

"मंग त्याह्यलेच दाबू द्या ना."

"अन् दोन दाबलं तं?"

"तं गोळी कावून नाही घेतली, म्हणून नर्सबाई फोन करते."

"नको," देवराव म्हणाले. "नर्सबाईले काय सांगू? एकच दाबतो."