राजाची डावी बाही

सिन : दार लावून घ्या आधी, ताई. कुणी बघायला नको.

लाम : भरदुपारी दार लावलं तर अख्खं गाव बघायला येईल. बस. एकटीच उतरलीस डोंगरावरून? कातेचा सण, आमच्या राजांच्या पूजेचा, चार दिवसांवर. तुम्ही राग्लाय लोक तेव्हाच येता ना, राजाचे कपडे घेऊन?

सिन : कपडाच आणलाय. एकच. ही टोपली उघडा. नको, थांबा, मीच उघडते.

(सिन टोपलीतून रेशमी अंगरखा काढते. त्याची डावी बाही कोपरापासून खाली उरलेली नाही.)

लाम : अगं बाई!

सिन : वाळवी. जुन्या घरात टोपली चुलीवरच्या माळ्यावर असायची, धुरानं किडा फिरकायचा नाही. आई गेली, आमच्यात सगळं धाकट्या लेकीकडे जातं, म्हणून जोखीम माझ्याकडे आली. आणि मला हौस सिमेंटच्या घराची! कोपऱ्यात ठेवली टोपली. जमिनीवर. ताई, जमिनीवर!

लाम : हळू बोल.

सिन : चंपाचं राज्य बुडालं, तुमचा राजा आमच्या रानात आला, तेव्हा हे आमच्या हाती दिलं. उत्तरेच्या फौजांना सापडलं नाही. विमानांनी रान जाळलं, तेव्हा आजीनं पाठीवर वागवलं. आणि माझ्या हातून… किडे!

लाम : मग माझ्याकडे काय काम?

सिन : बाही विणा. हुबेहूब. तुमचा हात लागला तर कुणाला कळायचं नाही.

लाम : म्हणजे देवाच्या अंगावर खोटं घालू? ते राजे आता देव झालेत, सिन. अर्धा समुद्र त्यांच्या गलबतांचा होता. आज आम्हा चाम लोकांकडे काय उरलंय? विटांची पडकी देवळं आणि हे कपडे. तेही तुमच्याकडे.

सिन : म्हणूनच तर! तुमचा मुलगा दरवर्षी सभेत म्हणतो, कपडे खाली आणा, काचेच्या कपाटात ठेवा, डोंगरातल्यांना काय कळतंय. आता त्याचंच खरं ठरेल. मग आम्ही तुमचे कोण?

लाम : सरक जरा. पेटीपर्यंत जाऊ दे.

सिन : हे काय?

लाम : माझ्या चितेसाठी विणून ठेवलेलं कापड. पाच वर्षं झाली.

सिन : पण हे पांढरं आहे! लांबून उठून दिसेल.

लाम : दिसू दे. फाटलं ते फाटलं. जोडायचं, लपवायचं नाही.

सिन : आणि तुम्हाला काय?

लाम : नवं विणीन. तोवर मरायला सवड नाही मला. ती कात्री दे.

सिन : पुजारी विचारतील.

लाम : सांग. वाळवी, सिमेंट, सगळं सांग.

सिन : जीभ रेटायची नाही माझी.

लाम : मग मी सांगेन. आणि पोराला विचारीन, आपण जीव मुठीत धरून पळत होतो तेव्हा तुझं काचेचं कपाट कुठं होतं रे? हं, हे टोक धर. सरळ धर.

सिन : धरलंय, ताई. कापा.